सातवी शिकलेले हात

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला कोणी तरी शिकलेल्या बाई भाषण करतात आणि मी मागे चहाच्या पातेल्याजवळ उभी राहून ऐकते. यंदा चिटणीसबाईंनी यादीत माझेच नाव घातले. मी म्हटले, मी सातवी शिकलेली, मला काय बोलता येणार? त्या म्हणाल्या, "जे तुम्हांला ठाऊक आहे तेच सांगा." मग आठ दिवस भाकरी थापता थापता विचार केला. पापड-कुरडयांविषयी मी तुम्हांला सांगावे तर तुम्ही माझ्याहून हुशार. तेव्हा एका डॉक्टर नवराबायकोची हकीकत सांगते. ती का सांगते, हे शेवटी न ठेवता आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच माझा आवाज अडला तर तुम्ही समजून घ्याल.

२००२ साली माझे पहिले बाळंतपण झाले. मुलगा झाला. दवाखान्यात झाला, कोणत्या ते सांगत नाही, आता ते नाव घेऊन काही साधावयाचे नाही. तिसऱ्या दिवशी घरी आलो. पाचवीची पूजा झाली, पेढे वाटले. तुमच्यापैकी कित्येक जणी तेव्हा बाळाला पाहावयास आल्या होत्या. कोणी झबले आणले, कोणी हातात दहाची नोट ठेवली, आणि सगळ्यांनी त्याला मांडीवर घेतले. सासूबाईंनी मायेने बेंबीवर तेल-हळद लावली. त्यांच्या सासूबाईंनी लावली होती, तशीच. आठव्या दिवशी तो दूध ओढेना. रडणे मांजराच्या पिलासारखे बारीक झाले. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली वो, इतक्या बाया येऊन गेल्या." मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. रात्री मला त्याचे पाय गार लागले. मी दोन दुपटी जास्त गुंडाळली. सकाळी जीप मिळाली तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेले होते. कोठून गेले, असे मी विचारले. त्यांनी खांदे उडवले. त्यांनाही ते सांगता आले नसते, हे आता मला कळते. दवाखान्यातल्या कोणाच्या हातून गेले, आमच्या हळदीतून गेले, की प्रेमाने मांडीवर घेणाऱ्या कोणाच्या बोटातून, ते मला आजही ठाऊक नाही. सासूबाई आता नाहीत. त्यांना मी कधी बोल लावला नाही, आणि तुम्हांलाही लावीत नाही.

पुष्कळ वर्षे मी असेच धरून चालले की ते नशिबात होते. मग माझी धाकटी जाऊ झरी जामणीकडे आपल्या गावात आशाताई झाली. एकदा ती चार दिवस राहावयास आली असता तिच्या पिशवीतले प्रशिक्षणाचे पुस्तक मी दुपारी चाळले. त्यात चित्रे होती आणि चित्रांखाली लिहिले होते: बाळ दूध ओढत नाही किंवा कमी ओढते, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग गार लागते, पोट फुगले, बेंबीत पू, छाती आत ओढली जाते. अशी लक्षणे दिसली की थांबू नका. मी ते पान तीनदा वाचले. माझ्या मुलाची त्यात तीन लक्षणे होती. मी जावेला विचारले, "हे कोणी शोधून काढले गं?" ती म्हणाली, "आपल्या गडचिरोलीच्या बंग डॉक्टरांनी."

बंग म्हटले की आपल्याला दारूबंदी आठवते, कारण १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली त्यात त्यांचा मोठा हात होता. पण त्यांचे मुख्य काम तान्ह्या बाळांचे आणि बायकांच्या आजारांचे, हे आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक असेल. मलाही नव्हते.

डॉक्टर अभय बंग हे १९५० चे, आपल्या शेजारच्या वर्ध्याचे. वडील ठाकुरदास बंग गांधीजींच्या विचाराचे, आणि मुलगा सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकलेला. लहानपणीच दोघा भावांनी वाटून घेतले म्हणतात, की एकाने शेतीचे काम करावयाचे आणि दुसऱ्याने आजाऱ्यांचे. राणीताई माहेरच्या चारी, चंद्रपूरच्या. दोघेही नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकले, राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८४ साली पदवी मिळवली. तिथेच राहिले असते तर कोणी नाव ठेवले नसते. ते परत आले आणि १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' नावाची संस्था काढली. पहिले काम तेंदूपत्त्याच्या एका जुन्या गोदामात सुरू झाले. विडीच्या पानांच्या गोदामात संशोधन! माझ्या मनाला हे फार भावले.

पुढे दवाखाना बांधावयाचा ठरला तेव्हा त्यांनी आधी गोंड लोकांना विचारले की तुम्ही सरकारी इस्पितळात का जात नाही? लोक म्हणाले, तिथले डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही तर मढ्याला पांढरे गुंडाळतो. मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. असे विचारणे मला शहाणपणाचे वाटते. आपल्याला कधी कोणी असे विचारले आहे काय?

राणीताईंबद्दल जरा जास्त बोलते, कारण वर्तमानपत्रांत नेहमी डॉक्टरसाहेबांचे नाव आधी येते. त्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या. ज्या दुखते म्हणून आल्या तेवढ्याच नव्हे, बऱ्या म्हणवणाऱ्यासुद्धा. शंभरांतल्या ९२ बायकांना अंगावरचे काही ना काही दुखणे निघाले, आणि त्यातले निम्मे जंतुसंसर्गाचे. त्याआधी तपासणी झालेल्या बायका शंभरांत आठच. १९८९ साली हे लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. ९२ हा आकडा मी जावेला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "उरलेल्या आठ जणी लाजल्या असतील." आम्ही दोघी हसलो, पण नंतर गप्प बसलो.

मग लहान मुलांचे काम. आधी न्यूमोनिया. लेकराला न्यूमोनिया झाला की श्वास भराभर चालतो. तो मोजता आला की आजार ओळखता येतो. पण खेड्यातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता कोठे येते? तेव्हा एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांची चौकट केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा, दहा झाले की दुसरा. वाळू संपली की मणी पाहावयाचे. सुईणीला दहापर्यंत येतेच! हे कामही १९९० साली लॅन्सेटमध्ये छापून आले. शिकलेल्या माणसाने अडाणी माणसाला अडाणी न म्हणता त्याच्यासाठी मणी ओवावेत, हे मला त्या छापण्याहून मोठे वाटते.

एवढे करूनही तान्ही बाळे जातच होती. जन्मल्यापासून पहिल्या महिन्याच्या आतली. एकदा दोन बाया एक मरणोन्मुख लेकरू घेऊन धावत त्यांच्या घरी आल्या, पलंगावर ठेवले, आणि काही करण्याच्या आत ते गेले. डॉक्टर घरातच असून जाते, तर चार कोसांवर डॉक्टर असून काय उपयोग? तेव्हा डॉक्टरांनी बाळाकडे जावे, आणि डॉक्टर जाऊ शकत नसेल तर बाळाच्या गावातल्याच कोणी तरी डॉक्टरचे काम शिकावे, असे त्यांनी ठरवले.

आणि येथे माझी सातवी आली, मायबहिणींनो. त्यांनी ३९ गावे घेतली आणि त्या त्या गावातल्या बायका निवडल्या. शिक्षण किती? पाचवी ते दहावी. लुगडे नेसणाऱ्या, शेतात जाणाऱ्या, आपल्यासारख्याच. त्यांना आधी बाळंतिणीच्या घरी जाऊन नुसते पाहावयास व लिहावयास शिकवले. १९९५-९६ या एका वर्षात ७६३ बाळांची नोंद झाली; बहुतेक घरीच जन्मलेली. त्यांतली ४० पहिल्या महिन्यात गेली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे कारण तेच, माझ्या मुलाचे. जंतू. उपचाराची गरज निम्म्याहून जास्त बाळांना होती, पण तो मिळाला शंभरांत तिघांनाही नाही.

मग त्या बायकांना उपचार शिकवला. हात कसे धुवावयाचे, नाळ कशी स्वच्छ ठेवावयाची, बेंबीवर काही लावावयाचे नाही, बाळ उबदार पिशवीत कसे ठेवावयाचे, झोळीत घालून वजन कसे करावयाचे, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यावयाचा. आणि ती लक्षणे, पुस्तकातली. त्यांतली दोन एकत्र दिसली की आईबापांना सांगावयाचे, दवाखान्यात न्या. ते नाही म्हणाले, किंवा नेता येत नसेल, तर त्यांच्या संमतीने तिनेच जेंटामायसिनची सुई द्यावयाची आणि तोंडावाटे दुसरे औषध. सातवी शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई द्यावयाची! पुष्कळ मोठ्या मोठ्या डॉक्टरांना हे रुचले नाही. मलाही आधी भीतीच वाटली असती.

झाले काय ते ऐका. उपचार नव्हता तेव्हा या आजाराच्या शंभर बाळांतली सोळा-सतरा जात. बायका सुई देऊ लागल्यावर शंभरांत तीनसुद्धा गेली नाहीत. १९९३ ते ९५ च्या काळात त्या गावांत हजार बाळांमागे ६२ पहिल्या महिन्यात जात होती; १९९७-९८ साली २५ गेली. शेजारच्या ४७ गावांत हे काम नव्हते, तिथे ६० च्या आसपासच राहिली. ४ डिसेंबर १९९९ च्या लॅन्सेटमध्ये हे सगळ्या जगाने वाचले.

१९९९. माझा मुलगा गेला २००२ साली. आपल्या यवतमाळ आणि गडचिरोलीच्या मध्ये एकच चंद्रपूर जिल्हा आहे. पलीकडे माझ्याइतकीच शिकलेली बाई कंदिलाच्या उजेडात बाळाचे पाय हाताने चाचपून "गार आहेत" म्हणून ओळखत होती आणि वाचवीत होती, आणि मी दुपटी गुंडाळीत होते. हे कळले त्या रात्री मी जेवले नाही. पुढे मात्र रागाऐवजी दुसरेच काही वाटू लागले. मला इतकी वर्षे वाटे की मी शिकले असते तर तो वाचला असता. तसे नव्हते. सातवी पुरली असती. फक्त कोणी तरी ते एक पान मला दाखवावयास हवे होते.

२०११ साली सरकारने हीच रीत सगळ्या देशात आशाताईंमार्फत सुरू केली. दवाखान्यात बाळंत झाले तरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. सुई मात्र आशाच्या हाती दिली नाही, ती नर्सबाईंकडे ठेवली. बंग दांपत्याला २००३ साली महाराष्ट्रभूषण आणि २०१८ साली पद्मश्री मिळाली. ते असो. आशा दारात आली की "आमचं बाळ चांगलं आहे, काही नको" म्हणून तिला बाहेरूनच परत लावणाऱ्या घरांची नावे माझ्या जावेने मला सांगितली आहेत. ती मी येथे सांगत नाही, पण ती घरे काही फार लांबची नाहीत.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे कोण घरी बाळंत होते? खरे आहे. २०१९ ते २१ च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभरांतली चौऱ्याण्णवच्या वर बाळंतपणे दवाखान्यात झाली, आणि ते चांगलेच आहे. अडले तर तिथे रक्त आहे, ऑपरेशन आहे. मी कोणाला घरी बाळंत व्हा म्हणत नाही. पण दवाखान्यातही जंतू असतात, आणि तिथले जंतू औषधांना दाद न देणारे झालेले असतात, असे माझी मुलगी सांगते. मुलगा गेल्यावर दोन वर्षांनी ती झाली, आणि आज नर्सिंग शिकते आहे.

तिनेच मला व्हिएन्ना शहरातल्या झेमेलवाइस डॉक्टरची गोष्ट सांगितली. १८४७ सालची. एकाच इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग. एकात डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने बाया पटापट मरत, सुईणींच्या विभागात फार कमी. बाया गुडघे टेकून रडत, आम्हांला डॉक्टरांकडे पाठवू नका म्हणून. का असे? शिकाऊ डॉक्टर सकाळी मढी चिरून तेच हात घेऊन बाळंतिणींकडे येत. झेमेलवाइसचा एक डॉक्टर मित्र मढे चिरताना सुरी लागून मेला, तेही तशाच तापाने. तेव्हा त्याच्या ध्यानात आले. त्याने दारात चुन्याच्या क्लोरीनचे पाणी ठेवले आणि हात धुतल्याशिवाय आत यावयाचे नाही असा नियम केला. त्याच एप्रिलमध्ये शंभरांतल्या अठरा मरत होत्या; उन्हाळ्यात दोनच्या आसपास आल्या. आणि ते औषध काय, तर ग्रामपंचायतीचा माणूस आपल्या विहिरीत टाकतो ती टीसीएल पावडर! तीच, बहिणींनो. पण मोठ्या डॉक्टरांना राग आला, की आमचे हात घाण म्हणतो! त्याचे कोणी ऐकले नाही. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला, आणि तोसुद्धा जखमेचे विष अंगात भिनून. तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. माझ्याच वयाचा जवळजवळ.

मुलगी म्हणते, दवाखान्यातसुद्धा साबणाने हात ४० ते ६० सेकंद धुवावयाचे असतात. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोके, सगळे. मी घड्याळ लावून पाहिले. आपण धुतो ते पाच सेकंद. शुभंकरोती सावकाश म्हणावी, ज्यांच्या घरी त्रिशरण म्हणतात त्यांनी ते म्हणावे, वेळ होतो बरोबर. आणि नर्सबाई हात न धुता बाळाला घेऊ लागल्या तर नम्रपणे सांगावे, "ताई, आधी हात." त्यांना दिवसभर पन्नास बाळे असतात, विसरणे होते. मी माझ्या मुलीलाही सांगून ठेवले आहे की तुला कोणी बाई असे म्हणाली तर तोंड वाकडे करू नकोस.

एक गोष्ट सांगून पुरे करते, चहा निवतो आहे. चार महिन्यांपूर्वी माझ्या शेजारणीची सून बाळंत होऊन घरी आली. शेजारीण म्हणाली, "ताई, तुमीच बसा दारात, माझं कोणी ऐकत नाही." मी स्टुलावर बसले. बाजूला बादली, तांब्या, साबण आणि स्वच्छ पंचा. येणाऱ्या प्रत्येकीला म्हटले, आधी हात, मग दुरून पाहा. मांडीवर घेणे सव्वा महिन्यानंतर. कोणी हसल्या, कोणी कुरकुरल्या. आपल्या एक मावशी तर एसटीने वीस मैल येऊन, झबले-टोपडे घेऊन आल्या होत्या. त्यांना मी म्हटले तशा त्या म्हणाल्या, "म्या सात लेकरं वाढवली, माह्या हाताले काय रोग झाला?" आणि पिशवी दारातच ठेवून, बाळ न पाहता निघून गेल्या. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. वडीलधारी बाई माझ्यामुळे उन्हात परत गेली.

त्या मावशी आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मावशी, सव्वा महिना केव्हाच झाला. बाळ मागे आपल्या आईजवळ आहे, तुम्ही आणलेलेच झबले घातले आहे त्याला. या, घ्या मांडीवर. बादली दारातच आहे.